व्हेनिसच्या दारावरचे तिकीट आणि आतली रिकामी घरे

२५ एप्रिल हा व्हेनिसमध्ये दुहेरी सणाचा दिवस असतो. शहराचे रक्षणकर्ते मानले गेलेले संत मार्क यांचा तो दिवस, आणि १९४५ साली फॅसिस्ट व नाझी सत्तेपासून इटली मुक्त झाली त्याचाही तोच दिवस. या दिवशी व्हेनिसमधले पुरुष आपल्या प्रिय स्त्रीला लाल गुलाबाची कळी देतात, अशी तिथली जुनी रीत आहे. २०२४ साली नेमका हाच दिवस निवडून नगरपालिकेने शहरात दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. सांता लुचिया रेल्वे स्थानकाबाहेर तपासनीस उभे राहिले, पर्यटकांच्या मोबाइलवरचे क्यूआर कोड तपासले जाऊ लागले, आणि बसगाड्या जिथे थांबतात त्या पियात्साले रोमा चौकात त्याच दिवशी रहिवाशांचा मोर्चा जमला. आपले शहर हे तिकीट काढून पाहायचे संग्रहालय किंवा करमणुकीची बाग नाही, असे ते लोक सांगत होते.

बाहेरच्या जगाला हा मोर्चा काहीसा अनाकलनीय वाटला. पर्यटकांच्या गर्दीने जे लोक बेजार झाले आहेत त्यांनीच गर्दीवरच्या शुल्काला विरोध का करावा, असा प्रश्न अनेकांनी विचारला. मला मात्र त्या रहिवाशांचे म्हणणे मुळापासून बरोबर वाटते, आणि ते का बरोबर आहे हे नीट समजून घेणे आपल्यासारख्या, युरोपच्या सहलीची वर्षानुवर्षे स्वप्ने पाहणाऱ्या आणि तिथे जाऊन येणाऱ्या लोकांनाही आवश्यक वाटते. व्हेनिसचे दुखणे दारातून आत येणाऱ्या माणसांच्या संख्येपेक्षा दाराच्या आतल्या घरांमध्ये अधिक आहे. नगरपालिका दाराशी उभी राहून माणसे मोजते आहे, आणि जिथे मोजायला हवे तिथे तिचे लक्ष नाही.

आधी शुल्काचे स्वरूप पाहू. २०२४ मध्ये एप्रिल ते जुलै या काळातले गर्दीचे २९ दिवस त्यासाठी निवडले होते. २०२५ मध्ये ते ५४ झाले, आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी रक्कम दहा युरो झाली. सकाळी साडेआठ ते दुपारी चार ही शुल्काची वेळ. चौदा वर्षांखालील मुले, व्हेनेतो प्रांताचे रहिवासी, शहरात कामाला किंवा शिकायला येणारे लोक यांना ते माफ आहे. नियम मोडला तर ५० ते ३०० युरो दंड होऊ शकतो. पहिल्या वर्षी सुमारे चार लाख पंचाऐंशी हजार लोकांनी ते भरले आणि साधारण २४ लाख युरो जमा झाले. दुसऱ्या वर्षी ही रक्कम ५४ लाखांच्या आसपास गेली. रक्कम वाढली ती शुल्काचे दिवस आणि दर वाढले म्हणून, आणि अर्थातच लोक येत राहिले म्हणूनही. जो माणूस विमानाचे तिकीट, हॉटेल, बस आणि जेवण यांवर लाखभर रुपये खर्च करून आला आहे, तो पाच किंवा दहा युरोंसाठी माघारी फिरणार नाही, हे कोणालाही कळण्यासारखे होते. लोकांना आधी नोंदणी करण्याची सवय लागते आणि किती माणसे येणार याचा अंदाज बांधता येतो, असेही शुल्काचे समर्थक म्हणतात. वास्तविक हा अंदाज बांधण्यासाठी नगरपालिकेकडे आधीपासूनच ट्रोंकेत्तो बेटावर एक मोठा नियंत्रण कक्ष आहे, आणि तिथे मोबाइल फोनच्या नोंदींवरून शहरात कुठे किती माणसे आहेत हे क्षणाक्षणाला दिसते. आकडे कळत नव्हते म्हणून काही अडले होते, असे म्हणण्याला आधार नाही.

या शुल्कातून आणखी एका गटाला सूट आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख तिथेच आहे. शहराच्या हद्दीत रात्रीचा मुक्काम करणाऱ्याला हे शुल्क लागत नाही. तो दर रात्रीमागे काही युरो मुक्कामकर भरतो, त्यामुळे त्याच्याकडून पुन्हा पैसे घेऊ नयेत, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. वरवर पाहता ते न्याय्य आहे. पण व्हेनिसचे नेमके काय हरपते आहे हे लक्षात घेतले, तर ही सूट उलटीच वाटू लागते.

१९५१ च्या सुमारास व्हेनिसच्या बेटांवरील जुन्या शहरात सुमारे एक लाख पंचाहत्तर हजार लोक राहत होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. रिआल्तो पुलाजवळच्या कांपो सान बार्तोलोमेओ या चौकातील एका औषधाच्या दुकानाच्या काचेमागे २००८ पासून एक आकडा उजळत असतो. तो त्या दिवशीच्या लोकसंख्येचा आकडा आहे आणि तो सतत कमीच होत आला आहे. २००९ मध्ये लोकसंख्या साठ हजारांखाली उतरली तेव्हा तरुणांनी शवपेटी नावेत ठेवून शहराची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली होती. आणि २०२३ मध्ये घरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या ‘ओचो’ या नागरिकांच्या गटाने मोजदाद करून दाखवून दिले, की जुन्या शहरात पर्यटकांसाठी असलेल्या खाटांची संख्या आता तिथे राहणाऱ्या माणसांच्या संख्येपेक्षा अधिक झाली आहे. या आकड्यापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. एक हजार वर्षांहून अधिक काळ स्वतःचे प्रजासत्ताक चालवलेल्या, १७९७ साली नेपोलियनपुढे मान तुकवीपर्यंत स्वतंत्र राहिलेल्या शहरात, सगळ्या खाटा भरलेल्या असतील त्या रात्री, झोपणारा माणूस तिथला असण्यापेक्षा परका असण्याची शक्यता जास्त आहे.

लोक का गेले, याचे प्रामाणिक उत्तर एकच एक नाही, आणि सगळे खापर पर्यटकांवर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर समोरच्या किनाऱ्यावरच्या मेस्त्रेमध्ये नवी, कोरडी, उद्वाहन असलेली घरे मिळत होती, दारापर्यंत मोटार जात होती, आणि पोर्तो मार्गेरातील कारखान्यांत काम होते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी समुद्राचे पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले तेव्हा तळमजल्यावरच्या हजारो बिऱ्हाडांची धूळदाण झाली, आणि त्यातले पुष्कळ लोक पुन्हा तिथे परतले नाहीत. १९८१ च्या सुमारास लोकसंख्या एक लाखाखाली आलीच होती, आणि तेव्हा मोबाइलवरून चार रात्रींसाठी घर भाड्याने घेण्याची कल्पनाही कोणाला सुचली नव्हती. त्यामुळे ‘लोक तर आधीच निघून गेले होते, रिकाम्या घरांत पर्यटक राहिले तर बिघडले काय?’ हा युक्तिवाद ऐकू येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही.

मात्र त्या युक्तिवादातून एक गोष्ट निसटते. एके काळी लोक बाहेर पडले ते ओल, पूर आणि बेकारी यांमुळे. आज ज्यांना तिथे राहायचे आहे त्यांना राहता येत नाही, ते घराच्या भावामुळे. का फोस्कारी विद्यापीठ आणि स्थापत्यशास्त्राचे विद्यापीठ यांत शिकणारे हजारो विद्यार्थी दर वर्षी खोली शोधत हिंडतात. शहराचे सरकारी रुग्णालय आजही पंधराव्या शतकातल्या एका धर्मसंस्थेच्या भव्य, संगमरवरी दर्शनी भागामागे चालते आणि तिथे रुग्ण नावेतून आणले जातात. पण त्या रुग्णालयातल्या परिचारिकेला चालत जाण्याच्या अंतरावर घर परवडत नाही, म्हणून ती रोज पूल ओलांडून मेस्त्रेहून येते. गोंडोला बांधणारा सुतार, भित्तिचित्रांची डागडुजी करणारा कारागीर, नावेतून भाजी आणणारा विक्रेता, शाळेतला शिक्षक या सगळ्यांची तीच गत आहे. त्यांच्या जाण्याने मागे उरते ती सुंदर इमारतींची ओळ.

घर पर्यटकांच्या खाटेत कसे बदलते, हेही पाहण्यासारखे आहे, कारण त्यात कोणाचा दुष्टपणा शोधावा लागत नाही. इटलीत कुटुंबाला घर भाड्याने द्यायचे तर नेहमीचा करार चार वर्षांचा आणि त्यापुढे आणखी चार वर्षांचा असतो. भाडेकरूला कायद्याचे भक्कम संरक्षण मिळते आणि मालकाला मधूनच घर रिकामे करून घेता येत नाही. उलट तीस दिवसांच्या आतल्या मुक्कामासाठी असा करार नोंदवावाच लागत नाही. संत मार्कच्या चौकापासून दहा मिनिटांवरचे दोन खोल्यांचे घर उन्हाळ्यात आठवडाभर पर्यटकांना दिले तर जे मिळते, ते मिळवायला एखाद्या कुटुंबाकडून कित्येक आठवड्यांचे भाडे घ्यावे लागेल. त्यातच पाण्यात उभ्या असलेल्या जुन्या घराची दुरुस्ती भयंकर महाग पडते, कारण विटा, वाळू, राडारोडा सगळे नावेतून न्यावे-आणावे लागते. अशा स्थितीत आजीने मागे ठेवलेले घर नातवंडांनी पर्यटकांना दिले तर त्यात नवल नाही. एका घराबाबत हे समजण्यासारखे आहे. पण तसे हजारो मालक एकाच दिशेने गेले, आणि त्यांत चार-चार, दहा-दहा घरे हाताळणारे धंदेवाईक मिसळले, की गल्लीतला किराणा दुकानदार, खाटीक आणि खिळे-स्क्रू विकणारा निघून जातो, कारण त्याचे गिऱ्हाईकच उरत नाही. त्याच्या जागी मुखवटे, चुंबके आणि स्वस्त काचेच्या वस्तूंचे दुकान येते, आणि मग जे कुटुंब अजून तग धरून आहे त्यालाही दूध आणायला लांब जावे लागते. वर्गात पुरेशी मुले उरत नाहीत, शाळेची तुकडी बंद होते, आणि आणखी दोन आई-वडील मेस्त्रेचा विचार करू लागतात.

रिआल्तोच्या पायथ्याशी फोंदाको देई तेदेस्की नावाची प्रचंड इमारत आहे. जर्मन व्यापाऱ्यांची वखार म्हणून ती उभी राहिली, आणि विसाव्या शतकात ती शहराचे मुख्य टपाल कार्यालय होती. पत्र टाकायला, पैसे काढायला रहिवासी तिथे जात. २००८ मध्ये ती एका उद्योगसमूहाने विकत घेतली आणि २०१६ पासून तिथे महागड्या वस्तूंचे आलिशान दुकान सुरू झाले. पर्यटकांच्या खरेदीवर सारा डोलारा उभा असलेले ते दुकान २०२५ मध्ये बंद पडले. पाच शतके शहराच्या कामी आलेल्या एका जागेला दहा वर्षांतच भवितव्य उरले नाही, हे उदाहरण पर्यटनालाच अर्थव्यवस्था मानणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे.

आता मुक्कामी पर्यटकांना मिळणाऱ्या त्या सवलतीकडे परत येऊ. सकाळच्या गाडीने येऊन, दिवसभर पायपीट करून संध्याकाळी परतणारा माणूस कोणाचेही घर घेत नाही. तो गर्दी करतो, पूल अडवतो, शौचालये आणि कचरापेट्या यांच्यावर ताण आणतो, आणि अनेकदा फारसा खर्चही करीत नाही, हे सारे खरे. व्हेनिसमध्ये कचरा हातगाडीवरून आणि नावेतून गोळा करावा लागतो, त्यामुळे त्या ताणाची किंमत इतर शहरांपेक्षा मोठी आहे, आणि त्या खर्चातला वाटा त्याने उचलावा ही मागणी मला रास्त वाटते. परंतु त्याच दिवशी चार रात्रींसाठी एखादा सबंध फ्लॅट भाड्याने घेणारे जोडपे शुल्काच्या बाहेर राहते, आणि वर त्याला जबाबदार पर्यटक म्हणून शाबासकीही मिळते, कारण ते थांबले, निवांत फिरले, स्थानिक वाईन प्याले. त्यांच्या डोक्यावरचे छप्पर दहा वर्षांपूर्वी कोणाचे होते, हा प्रश्न शुल्काच्या रचनेत कुठेही येत नाही. जो घर घेत नाही त्याला दाराशी अडवायचे, आणि ज्याच्या मुक्कामापोटी घर रिकामे झाले त्याला मोकळे सोडायचे, अशी ही व्यवस्था आहे. एवढेच नव्हे, दिवसापुरते येण्याऐवजी मुक्कामी या, असा संदेश त्यातून जातो, आणि मुक्कामाची मागणी वाढली की आणखी खाटा लागतात. हॉटेलात राहणाऱ्याला मी या आरोपातून बऱ्याच अंशी वगळेन; हॉटेल परवान्याने चालते, त्याची संख्या नोंदलेली असते, आणि त्याने घेतलेली इमारत निदान सर्वांना दिसते.

या विषयावर युरोपीय वृत्तपत्रांतून जे लिहिले जाते त्यात एक सूर मला विशेष खटकतो. सहलीच्या बसमधून उतरणाऱ्या, छोट्या झेंड्यामागे चालणाऱ्या, घाईघाईने फोटो काढणाऱ्या आशियाई पर्यटकाकडे तिथे तुच्छतेने पाहिले जाते, आणि एकटा, सावकाश, पुस्तक घेऊन हिंडणारा प्रवासी हाच खरा प्रवासी मानला जातो. या तुच्छतेच्या टप्प्यात आपली माणसे अगदी समोर येतात. महाराष्ट्रातून निघणाऱ्या दहा-बारा दिवसांच्या युरोप सहलींमध्ये व्हेनिसच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. ट्रोंकेत्तोच्या धक्क्यावरून लाँच, संत मार्कचा चौक, काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक, हौस असेल तर गोंडोला, आणि संध्याकाळी मेस्त्रे किंवा पादुआ येथील हॉटेलात भारतीय जेवण. हा कार्यक्रम मलाही अपुरा वाटतो. पण साताऱ्याची निवृत्त शिक्षिका किंवा नाशिकचे बँक कर्मचारी जोडपे आयुष्यभराच्या बचतीतून, भाषा येत नसताना, आहाराची अडचण असताना, गुडघे दुखत असताना तिथवर जाते, तेव्हा त्यांच्या तीन तासांमागे जे असते त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. संत मार्कच्या बॅसिलिकेतील सोनेरी मोझेकखाली मान वर करून उभे राहण्याचा त्यांचा हक्क कोणत्याही प्राध्यापकाइतकाच आहे. आणि व्हेनिसच्या घरांच्या प्रश्नापुरते बोलायचे तर हीच मंडळी सर्वांत निरुपद्रवी आहेत, कारण ती जुन्या शहरातले एकही घर अडवीत नाहीत.

म्हणूनच शुल्क वाढवावे, पन्नास किंवा शंभर युरो करावे, म्हणजे खरोखर गर्दी हटेल, हे म्हणणे मला मान्य होण्यासारखे नाही. तेवढ्या रकमेने गर्दी हटेल यात शंका नाही. पण हटणारे कोण असतील, हेही तितकेच निश्चित आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच जगातले एक अद्वितीय शहर पाहायला मिळावे, ही चाळण शहराने लावायची आणि त्याच वेळी २०२५ च्या जूनमध्ये झाले तसे जगातील अतिश्रीमंतांच्या विवाहसोहळ्यांना अंगण मोकळे करून द्यायचे, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या की रहिवाशांच्या रागाचे कारण कळते. गर्दी आवरायचीच असेल तर पैशांऐवजी संख्येने आवरावी: ठरावीक दिवशी मोठ्या गटांपैकी ठरावीक संख्येलाच प्रवेश, आधी नोंदणी, आणि नोंदणी विनामूल्य. गटांबाबत एक चांगले पाऊल २०२४ मध्ये पडलेच आहे. मार्गदर्शकाबरोबरच्या गटात पंचवीसहून अधिक लोक नसावेत आणि ध्वनिवर्धक वापरू नये, असा नियम झाला. अरुंद गल्लीत राहणाऱ्या माणसाच्या खिडकीखाली दिवसभर चालणारा कोलाहल थांबवणारा हा नियम पाच युरोंच्या शुल्कापेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

इथे एक गोष्ट ओघाने सांगावीशी वाटते. व्हेनिस आणि आपला संबंध केवळ सहलीपुरता नाही. निकोलाओ मनुची हा व्हेनिसमध्ये जन्मलेला मुलगा सतराव्या शतकात घर सोडून हिंदुस्थानात आला. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगांच्या पुरंदराजवळच्या छावणीत असताना तो शिवाजी महाराजांना भेटला, आणि त्याने त्या भेटीविषयी लिहूनही ठेवले. तो पुन्हा व्हेनिसला परतला नाही, उरलेले आयुष्य त्याने हिंदुस्थानातच काढले. त्या काळी व्हेनिसला जगभरातून माणसे येत आणि तिथून जगभर माणसे जात. जेरुसलेमला निघालेले हजारो यात्रेकरू तिथेच गलबतावर चढत. त्यांना लुबाडले जाऊ नये म्हणून गलबतमालकांनी यात्रेकरूंशी कसा करार करावा याचे नियम तिथल्या सरकारने केले होते. म्हणजे बाहेरच्या माणसांचा ओघ व्हेनिसला नवा नाही. पाहुण्यांच्या जोडीने यजमानांच्या धंद्यालाही शिस्त लावावी लागते, हे त्या जुन्या प्रजासत्ताकाला ठाऊक होते.

यजमानांच्या धंद्याला शिस्त लावणे आज अशक्य आहे का? २०२२ मध्ये इटलीच्या संसदेने खास व्हेनिससाठी तशी तरतूद केली. वर्षाला १२० दिवसांहून अधिक काळ पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांवर मर्यादा आणि अटी घालण्याचा अधिकार त्या तरतुदीने नगरपालिकेला मिळाला. इटलीतल्या अन्य कोणत्याही शहराला तो तेव्हा नव्हता. त्या वेळचे महापौर लुईजी ब्रुन्यारो यांच्या प्रशासनाने प्रवेशशुल्कासाठी जो उत्साह दाखवला, त्याचा अंशही या अधिकाराच्या वापरात दिसला नाही. तिकडे फ्लोरेन्सने २०२३ मध्ये जुन्या शहरात नवी अल्पमुदतीची भाडी थांबवण्याचा निर्णय घेतला. ॲमस्टरडॅमने स्वतःचे राहते घर वर्षातून फार तर तीस रात्रीच पर्यटकांना देता येईल, अशी मर्यादा २०१९ पासून घातली. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केले, की शहरातील १०,१०१ पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपतील आणि त्यांचे नूतनीकरण होणार नाही. या निर्णयांना न्यायालयात आव्हाने मिळाली, पळवाटा शोधल्या गेल्या, आणि त्यांचा परिणाम दिसायला वर्षे लागतील. तरीही त्या शहरांनी हात घातला तो योग्य ठिकाणी. म्हाताऱ्या विधवेने आपल्या राहत्या घरातली एक खोली पर्यटकाला दिली, तर ते थांबवण्याचे कारण नाही, उलट त्यामुळे ती त्या घरात टिकून राहते. तिचे उदाहरण पुढे करून दहा-दहा सबंध घरे चालवणाऱ्यांनी मालमत्तेच्या हक्काच्या आड लपावे, हे मात्र खपवून घेण्यासारखे नाही.

राजकीय इच्छाशक्ती असली की काय होते हे व्हेनिसनेच दाखवून दिले आहे. २ जून २०१९ रोजी एक महाकाय क्रूझ जहाज जुदेक्का कालव्यात ताबा सुटून धक्क्यावर आणि एका छोट्या पर्यटक-बोटीवर आदळले. त्याआधी कित्येक वर्षे रहिवासी अशा जहाजांविरुद्ध आंदोलन करीत होते, आणि त्यांना रोजगाराचे कारण सांगून गप्प केले जात होते. अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना त्या कालव्यात बंदी झाली, आणि ती टिकली. दुसरे उदाहरण पाण्याचे. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले आणि संत मार्कच्या बॅसिलिकेत शिरले. त्यानंतर वर्षभरात, ३ ऑक्टोबर २०२० रोजी, व्हेनिसच्या खाडीत समुद्राचे पाणी जिथून शिरते त्या लीदो, मालामोक्को आणि किओज्जा या तिन्ही मुखांवरचे, पूर अडवणारे ७८ दरवाजे प्रत्यक्ष भरतीच्या वेळी पहिल्यांदा वर उचलले गेले आणि शहर कोरडे राहिले. या ‘मोसे’ प्रकल्पावर पाच अब्ज युरोंहून अधिक खर्च झाला, त्यात मोठा भ्रष्टाचार झाला, २०१४ मध्ये तत्कालीन महापौरांना अटक होऊन पद सोडावे लागले. पण दरवाजे आज काम करतात. इटलीच्या सरकारने दगडमातीचे व्हेनिस समुद्रापासून वाचवण्यासाठी एवढे केले. तिथे राहणाऱ्यांना वाचवण्याच्या कामाला मात्र तेवढे महत्त्व कधीच मिळालेले नाही.

याचे एक कारण मतपेटीत आहे. १९२६ पासून मेस्त्रे आणि बेटांवरील जुने शहर एकाच नगरपालिकेत आहेत. एकूण सुमारे अडीच लाख लोकसंख्येत जुन्या शहराचे लोक पाचवा हिस्सा जेमतेम भरतात. त्यामुळे रिआल्तोच्या भवितव्याचा निर्णय ज्यांच्या मतांनी होतो त्यांतले बहुसंख्य किनाऱ्यावर राहतात, आणि त्यांतल्या अनेकांचे जुन्या शहरात वडिलोपार्जित घर असते, ते पर्यटकांना दिलेले असते. दोन स्वतंत्र नगरपालिका कराव्यात यासाठी १९७९ पासून २०१९ पर्यंत पाच वेळा सार्वमत झाले आणि पाचही वेळा ते फसले. शेवटच्या वेळी मतदानच इतके कमी झाले की निकाल ग्राह्य धरला गेला नाही. वेगळे होण्याने प्रश्न सुटेलच, असे मी म्हणणार नाही. पण मतदारांची संख्या घटत जाईल तसा तिथल्या रहिवाशांचा आवाज आणखी क्षीण होणार, हे उघड आहे, आणि म्हणून या प्रश्नात वेळेला महत्त्व आहे. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये व्हेनिसला धोक्यातील वारशांच्या यादीत टाकण्याची शिफारस केली. दोन्ही वेळा सदस्य देशांच्या समितीने ती टाळली. २०२३ च्या त्या निर्णयाआधी काही दिवसच प्रवेशशुल्काचा ठराव नगरपालिकेत मंजूर झाला होता. शुल्काचा सर्वांत मोठा उपयोग कदाचित तिथेच झाला.

१४ जुलै १९०२ रोजी संत मार्कच्या चौकातला उंच घंटामनोरा कोसळला. ‘जसा होता, जिथे होता’ तसाच तो पुन्हा उभारायचा, असा शहराने निश्चय केला आणि दहा वर्षांत तो उभारला. आज फोटो काढणाऱ्या अनेकांना तो मनोरा विसाव्या शतकातला आहे हे ठाऊकही नसते. दगडाच्या बाबतीत हे करता येते. पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत राहिलेले कुटुंब एकदा पांगले की नकाशे आणि छायाचित्रे पाहून ते पुन्हा उभारता येत नाही. त्यांची बोली, त्यांचे सणवार, उभ्याने वल्ही मारण्याची त्यांची पद्धत, कोणत्या पुलाखाली भरतीच्या वेळी डोके वाकवावे लागते याचे ज्ञान, सगळे त्यांच्याबरोबर जाते.

आपल्याकडून जाणाऱ्या प्रवाशाच्या हातात फार थोडे आहे, पण काहीच नाही असेही नाही. मेस्त्रेतल्या हॉटेलात राहण्याची लाज वाटायचे कारण नाही. जुन्या शहरात स्वस्त सबंध फ्लॅट मिळतो म्हणून तो घेण्यापेक्षा ते बरे. सहल कंपनीला विचारावे, की तीन तासांऐवजी पूर्ण दिवस देता येईल का, आणि त्यासाठी यादीतले दुसरे एखादे शहर आम्ही सोडायला तयार आहोत. ही मागणी पुरेशा लोकांनी केली तर कार्यक्रम बदलतो, कारण कार्यक्रम मागणीवरच बेतलेला असतो. संत मार्कच्या चौकापासून पूर्वेकडे वीस मिनिटे चालत गेले तर अजूनही दोरीवर वाळत घातलेले कपडे, शाळेतून सुटलेली मुले आणि बाकावर बसलेले म्हातारे दिसतात. तिथल्या साध्या खानावळीत चार पैसे खर्च करावेत, त्यांच्या घरांच्या दारांत ठाण मांडून फोटो काढू नयेत.

नगरपालिकेच्या बाबतीत माझी अपेक्षा स्पष्ट आहे. जुन्या शहरात सार्वजनिक मालकीची अनेक घरे केवळ दुरुस्तीअभावी वर्षानुवर्षे कुलूपबंद पडलेली आहेत. प्रवेशशुल्कातून जमलेल्या पैशांचा हिशेब जाहीर करावा, यंत्रणेचा खर्च वजा जाता जे उरेल ते या घरांच्या दुरुस्तीला लावावे, आणि त्यांच्या किल्ल्या रुग्णालयातल्या परिचारिकांना, शिक्षकांना, तरुण कुटुंबांना परवडणाऱ्या भाड्याने द्याव्यात. त्याचबरोबर २०२२ मध्ये मिळालेला अधिकार वापरून पर्यटक-फ्लॅटची कमाल संख्या ठरवावी, आणि ती दर वर्षी खाली आणावी. एवढे झाले तर पाच काय, दहा युरोही आनंदाने भरा, असे मी प्रत्येक मराठी प्रवाशाला सांगेन. ते होईपर्यंत या शुल्काला माझा विरोध राहील.